कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी

आमच्या घराण्यात कुणालाही कधीच काही झालेलं नाही. आजोबा "जरा थकले होते" आणि त्यातच गेले. मोठ्या आत्याला "थोडा अशक्तपणा" आला, तेव्हापासून तिचा उजवा हात आणि उजवा पाय चालत नाही. एक काका "हवापालटाला" म्हणून पुण्याला गेले, त्याला बारा वर्षं झाली. ते तिथून परत येत नाहीत आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारतही नाही. नांदेडमधली आमच्यासारखी नोकरदार, शिकलेली, दारात तुळस आणि कपाटात पदव्यांच्या फायली असलेली घरं अशीच ठणठणीत असतात. आजार हा दुसऱ्यांना होतो, आणि मग आपण त्यांना भेटायला शहाळं घेऊन जातो.

त्यामुळे मला थायरॉईड वाढल्याचं निघालं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर काळजीच्या आधी जे उमटलं, ते मी अजून विसरलेले नाही. तिला माझा राग आला होता. साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि मी हे आताच काढलं होतं.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात अडाणीपणाची सवलत मागायला मला तोंड नाही. लातूरच्या एका बँकेतल्या अधिकाऱ्याशी माझं ठरलं होतं. मुलगा एकुलता एक, घर स्वतःचं, पत्रिका उत्तम जुळलेली. आमच्या घरी आठवडाभर त्या पत्रिकेचीच चर्चा चालली होती; मुलगा काय बोलतो, कसा हसतो, याची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही.

आजाराची लक्षणं दिसायला सुरुवात झाली होती ती वर्षभर आधी. मी वाळत चालले होते. दोन माणसांचं जेवत होते आणि वाळत होते. सगळ्यांना केवढा आनंद. स्टाफरूममधल्या बायका मला डाएट विचारायच्या. मी खरं सांगायचे की मी सकाळी चार पोळ्या खाते, तर त्या एकमेकींकडे बघून हसायच्या, सांगायचं नसेल तर राहू दे म्हणायच्या. आई तर नवसाला देव पावल्यासारखी खूश होती. स्थळांना पाठवायचे फोटो काढायला आम्ही गेलो तेव्हा फोटोग्राफर तीनदा म्हणाला, "ताई, डोळे एवढे वटारू नका." मी वटारलेच नव्हते. त्यानं शेवटी कंप्युटरवर माझ्या पापण्या खाली ओढल्या, आणि त्या ओढलेल्या पापण्यांवर लातूरकरांनी पसंती कळवली.

मग फळ्यावर लिहिताना खडू थरथरायला लागला. बाकीच्यांच्या अंगावर स्वेटर असताना मला घाम फुटायचा. जिन्याच्या आठ पायऱ्या चढले की छातीत इतकी धडधड व्हायची की मला ती कानात ऐकू यायची. एक दिवस पेशीविभाजनाची आकृती काढता काढता मी खाली बसले ती बसलेच. पोरींनी पाणी दिलं, प्राचार्यांनी रिक्षा बोलावली आणि घरी आल्यावर आईनं आधी विचारलं की कुणी कुणी बघितलं.

डॉक्टरांकडे जायला तिनं तीन दिवस लावले, कारण गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलं की गल्लीला कळणार. शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाचे, हार्मोन्सचे तज्ज्ञ म्हणून नाव असलेले एक डॉक्टर तिनं शोधून काढले. मी स्कूटरवर बांधतात तसा स्कार्फ तोंडाला बांधून वेटिंग रूममध्ये बसले, आणि रजिस्टरवर आईनं मामाचं आडनाव लिहिलं. दोघी सुशिक्षित बायका, भर दुपारी, दरोडा घालायला आल्यासारख्या.

डॉक्टर मात्र भला माणूस निघाला. त्यांनी माझे हात पुढे धरायला सांगितले, बोटांवर एक कागद ठेवला, तो कसा थरथरतो ते मलाच दाखवलं. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे, म्हणाले. तिला आवरायला कार्बिमाझोल नावाची गोळी, दिवसातून तीन वेळा, आणि धडधड कमी व्हावी म्हणून आणखी एक. वर्ष-दीड वर्ष घ्यावी लागेल, दर महिन्याला रक्त तपासायचं. बरं होणारं दुखणं आहे, म्हणाले, घाबरायचं कारण नाही. सासरच्यांना सांगून टाका आणि मुलाचा विचार कराल तेव्हा आधी माझ्याकडे या, कारण या गोळीचा गर्भाशी संबंध येतो.

आई "गर्भ" या शब्दापाशी थांबली. त्यापुढचं तिनं ऐकलं नाही, हे मला तिच्या मानेवरून कळलं. पण पुढचंच महत्त्वाचं होतं. डॉक्टर टेबलावर बोट आपटत म्हणाले, "हजारात एखाद्याला ही गोळी पांढऱ्या पेशी संपवते. ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, तर गोळी त्या क्षणी बंद. रक्त त्याच दिवशी तपासायचं. दुसऱ्या दिवशी नाही." आणि हेच त्यांनी एका वेगळ्या चिठ्ठीवर लाल शाईनं लिहून दिलं, पर्समध्ये ठेव म्हणाले, कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर आधी ही दाखव.

आईनं एकच प्रश्न विचारला. लग्नात हातावर मेंदी असताना हात थरथरतील का? डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि नाही म्हणाले.

घरी आल्याबरोबर तिनं ती लाल चिठ्ठी फाडली, कारण तिच्यावर दवाखान्याचं नाव छापलेलं होतं. मग कॅल्शियमच्या गोळ्यांची एक बाटली आणली. त्यातल्या चिंचोक्याएवढ्या गोळ्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरल्या. आणि पट्टीतून माझ्या गोळ्या एकेक फोडून त्या बाटलीत भरल्या. रिकाम्या पट्ट्या तिनं कातरीनं बारीक कापल्या आणि दोन वेगवेगळ्या कचऱ्यांत टाकल्या. तिला मी आयुष्यात इतकं मन लावून काही करताना पाहिलेलं नव्हतं. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. बाबांना कठीण प्रसंगी नेहमीच पेपर असतो.

मी काय केलं? मी बाटली पर्समध्ये टाकली. जीवशास्त्राची एम.एस्सी., पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार मुलांकडून घोकून घेणारी बाई, मी त्या बाटलीवरचं "हाडांच्या मजबुतीसाठी" हे वाक्य वाचलं आणि मनात म्हटलं, लग्नापर्यंत चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. आईचा तिटकारा करताना मला नेहमी स्वतःला थोडं बाजूला सरकवावं लागतं, कारण त्या सोफ्यावर मीही बसलेली होते.

गोळी लागू पडली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तीन आठवड्यांत धडधड शमली. झोप आली, केवढी झोप. खडू सरळ चालायला लागला. महिन्याभरात वजन दोन किलोनं वाढलं आणि गालांवर थोडं मांस दिसायला लागलं. ते बघून आईचा उत्साह इतका वाढला की तिनं डॉक्टरकी सुरू केली. लग्नाला दिवस कमी आहेत, साडी अंगावर भरली पाहिजे, तर तीनऐवजी चार घे. गोळीच आहे, विष नाही, ती म्हणाली. महिन्याचं रक्त तपासायला जायची वेळ आली तेव्हा शालूच्या खरेदीचा दिवस ठरलेला होता, म्हणून रक्त राहिलं. औषधाचं प्रमाण रोगावर ठरतं, असं मी आजवर समजत होते. आमच्याकडे ते मुहूर्तावर ठरलं.

सातव्या आठवड्यात लातूरला केळवण होतं. मुलाच्या आत्यानं हौसेनं बोलावलं होतं, होणारी सून आणि तिचे आईवडील. आदल्या संध्याकाळपासून माझा घसा दुखत होता. सकाळी अंग कसकसत होतं. मी आईला सांगितलं. नुसतं "घसा दुखतोय" नाही, "ते डॉक्टर म्हणाले होते ते" असंही सांगितलं. ती म्हणाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, आज ऐनवेळी नाही म्हटलं तर लोक काय अर्थ काढतील. अर्थ काढण्यात लातूर फार पुढे आहे असं तिचं मत होतं. नांदेड आणि लातूर एकमेकांबद्दल हेच म्हणतात आणि दोघांचंही बरोबर आहे.

गाडीत माझे दात वाजत होते. अहमदपूरच्या पुढे मी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर ती म्हणाली केस विस्कटतील.

केळवणाचं ताट तुम्ही बघितलेलं असेल. रांगोळी, उदबत्ती, पाटाभोवती फुलं, आणि मधे एवढं वाढलेलं की खाणाऱ्याचा सूड घ्यायचा असावा. पुरणपोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी, कुरडया, दोन भाज्या, भजी. माझ्या घशातून थुंकी उतरत नव्हती. गालाच्या आत फोड आले होते, आमटीचा थेंब लागला की डोळ्यांत पाणी यायचं. आणि भोवती चार बायका आग्रह करायला उभ्या. आमच्याकडे आग्रह ही प्रेमाची खूण समजतात. समोरच्याला काय होतंय हे बघायचं नसेल तर त्याच्या ताटात वाढत राहावं. मुलाची आई कौतुकानं म्हणाली, लाजतेय. बाकीच्यांनी हो हो, लाजतेय, म्हणून आणखी अर्धी पोळी वाढली.

मी ताटावरून उठले आणि भिंतीला धरून उभी राहिले. तेव्हा आत्याच्या यजमानांनी, ते लातुरात गेली तीस वर्षं डॉक्टर आहेत, माझ्या कपाळाला हात लावला आणि मला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. थर्मामीटर लावला, पारा एकशे तीनवर. चमच्यानं जीभ दाबून टॉर्चनं घसा बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. दारात सगळे जमले होते. मुलगा, त्याची आई, आत्या, बाबा, आई.

त्यांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत का?"

माझं तोंड उघडं होतं, त्यात चमचा होता. आई दारातूनच म्हणाली, "नाही हो, कसली औषधं. नुसतं कॅल्शियम चालू आहे."

त्यांनी चमचा काढला. मी तोंड मिटलं. आता बोलायला काहीच आडवं येत नव्हतं, आणि ते माझ्याकडेच बघत होते, उत्तराची वाट बघत असल्यासारखे. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ती मुलाच्या आईकडे बघत होती. मी मान खाली घातली. त्यांनी वजनाचं विचारलं तर आत्या म्हणाली, हल्लीच्या मुलींना असंच बारीक राहायचं असतं. त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि बाबांना बजावलं की उद्या सकाळी नांदेडला रक्त तपासा, मला हा घसा साधा वाटत नाही. बाबांनी हो म्हटलं. बाबा सगळ्यांनाच हो म्हणतात.

परतीच्या वाटेवर, लोह्याच्या अलीकडे, आईनं माझ्या पर्समधून ती बाटली काढली आणि दुपारची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. वेळ चुकवू नको, म्हणाली. पाणी गिळताना मी कळवळत होते, पण गोळी गेली. ती फार लहान असते.

उद्याची सकाळ आली आणि रक्त तपासलं गेलं नाही. लग्नपत्रिका छापणारा यायचा होता. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दोन दिवसांतलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कपाळावरची पट्टी, बाबांचे दारापर्यंत येऊन परत जाणारे पाय, आणि बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी मी आईला ओळखलं नाही म्हणतात. तेव्हा कुठं दवाखान्याची गाडी आली.

दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा शेजारी सिस्टर सलाईन बदलत होती. उमरीकडची बाई, चाळिशीची, तोंडावर मास्क, आवाजात कसलाही गोडवा नाही. मी जागी झालेली बघून ती म्हणाली, "तुमच्या पांढऱ्या पेशी कुठं गेल्या म्हणून मोठे डॉक्टर सकाळधरनं डोकं खाजवून राहिले. काय खाल्लं-बिल्लं का ताई? झाडपाला, गावठी औषध, कायबी आसू द्या. इथं तुमच्या घरचं कुणी न्हाई, सांगा."

इथं तुमच्या घरचं कुणी नाही. या एका वाक्यानं माझी जीभ सुटली, आणि याची मला आजही लाज वाटते. अठ्ठाविसाव्या वर्षाला टेकलेली कमावती बाई, मरायला टेकली तेव्हा, घरचं कुणी नाही असं कळल्यावर खरं बोलली. मी सांगितलं, गळ्याचं औषध, कार्बिमाझोल, दिवसातून चार, कॅल्शियमच्या बाटलीत. तिनं मला नाव दोनदा म्हणायला लावलं, ते पेननं स्वतःच्या तळहातावर लिहिलं आणि सलाईनची बाटली तशीच टेकवून पळत गेली.

मग सगळं भराभर झालं. गोळी बंद. मला काचेच्या दाराच्या वेगळ्या खोलीत हलवलं. जंतू मारायची भारी औषधं शिरेतून, आणि पेशी वाढाव्यात म्हणून रोज पोटात एक इंजेक्शन. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की अजून दिवस-दीड दिवस कारण कळलं नसतं तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं. सहाव्या दिवशी पेशी दिसायला लागल्या. त्या सिस्टरनं आकडा मला काचेपलीकडून बोटांनी दाखवला, आणि मी रडले. कुणी इतकं आपुलकीनं मला आजवर काही कळवलेलं नव्हतं.

काचेच्या पलीकडे तोवर दुसराच कारभार चालला होता. आईनं नातेवाइकांना डेंग्यू सांगितला होता. डेंग्यू हा आमच्याकडे प्रतिष्ठित आजार आहे. डास कुणालाही चावतो, त्यात घराण्याचा दोष नाही. पण लातूरच्या डॉक्टरांनी इथल्या डॉक्टरांना फोन केला, एक डॉक्टर दुसऱ्याला विचारतो तसं, आणि त्यांना खरं कळलं. आता लग्न मोडणार म्हणून आईनं हाय खाल्ली. मला मात्र, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वाटलं की निदान ती माणसं संतापतील. आम्हाला फसवलंत म्हणून ओरडतील. कुणीतरी ओरडायला हवं होतं.

मुलाची आई भेटायला आली ती ओरडली नाही. तिनं आईचा हात हातात घेतला, मला काचेतून दिसत होतं, आणि दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. दोघींच्या चेहऱ्यावर हळूहळू तरतरी आली. आईनं नंतर मास्क लावून आत येऊन मला आनंदानं सांगितलं की माणसं किती मोठ्या मनाची आहेत बघ. लग्न दोन महिने पुढे ढकलायचं, आणि दोन्हीकडे डेंग्यूच सांगायचं. मुलाच्या आजीला तर अजिबात कळू द्यायचं नाही. पुढे सासरी गोळ्या चालू झाल्या तर कशाच्या डब्यात ठेवायच्या हेसुद्धा त्या दोघींचं बोलून झालं होतं. सोयरीक अशी जुळली पाहिजे! दोन घरांतून निवडून काढलं तरी इतकं सारखं सापडलं नसतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तब्येत विचारली, जेवलीस का विचारलं आणि मग विचारलं की हे मी कॉलेजमध्ये कुणाला सांगितलंय का. नाही म्हटलं. सिस्टरला सांगितलंय म्हटलं, उमरीकडची आहे. तो म्हणाला, ती चालेल, ती उमरीकडची, तिला आपल्यात कोण ओळखतं. अगदी प्रेमानं म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, आणि ती काळजी माझ्याबद्दलची आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

मी म्हटलं, "मला डेंग्यू झालेला नाही."

"अगं, मला माहीत आहे ते."

"मग तुम्ही तुमच्या आजीपासून सुरुवात करा. सगळ्यांना खरं सांगा, मग तारीख ठरवू."

कुणीतरी आलंय म्हणून त्यानं फोन ठेवला. तीन दिवसांनी मध्यस्थांमार्फत निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली तेव्हा नाडीदोष निघाला. जी पत्रिका उत्तम जुळली होती तीच. ग्रहांनीही त्या आठवड्यात जागा बदलल्या असाव्यात. आईनं तो निरोपही जसाच्या तसा सगळ्यांना सांगितला, आणि लोकांनी तोही मान डोलावून ऐकून घेतला.

घरी आल्यावर मी आईशी महिनाभर नीट बोलले नाही. मग हळूहळू बोलायला लागले. माणूस घरात राहतो, पाणी मागतो, टॉवेल मागतो, बोलणं येतंच. ती एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायची. लातूरला माझं चुकलं, म्हणायची, एवढ्या माणसांत जीभ वळली नाही. पण दवाखान्यात मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? आई आहे मी.

हे मला पटलं होतं. लातूरचं मी समजू शकत होते, कारण लातूरला मीही गप्प होते. दारात सासर उभं होतं, ताटातली पोळी अजून तशीच होती, अशा वेळी माणसं हलकट होतात. त्या हलकटपणात आम्ही दोघी बरोबरीच्या होतो आणि म्हणून मला तिचा पूर्ण तिरस्कार करता येत नव्हता. दवाखान्यात तिला कुणी विचारलं नसणार. गर्दीत राहून गेलं असणार. मी स्वतःला असं समजावलं आणि तिच्या हातचं जेवायला लागले.

ती गोळी मला आयुष्यात पुन्हा घेता येणार नव्हती, त्यामुळे दोन महिन्यांनी हैदराबादला जायचं ठरलं. तिथं आयोडीनचा किरणोत्सारी डोस एका कॅप्सूलमधून देतात, ग्रंथी त्यानं निवते. पुढे ती इतकी निवली की आता मी रोज सकाळी उपाशीपोटी उलट काम करणारी, ग्रंथीची कमतरता भरून काढणारी गोळी घेते, आणि ती तिच्या स्वतःच्या डबीत असते. तर हैदराबादला न्यायला मला नांदेडच्या दवाखान्यातली पूर्ण फाईल हवी होती. मी रेकॉर्ड रूममधून ती सोडवली आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिली. मशीन गरम व्हायला वेळ लागत होता, म्हणून पहिलं पान वाचत उभी राहिले.

ते भरती करतानाचं पान होतं. कुणा शिकाऊ डॉक्टरच्या अक्षरात, इंग्रजीत. माहिती देणारी व्यक्ती, आई. सोबत इतर कुणी नाही. वडील औषधं आणायला गेले आहेत. ताप, घसा, तोंडात फोड, शुद्ध कमी. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. कोणतंही औषध चालू नाही, फक्त कॅल्शियम. आणि त्याखाली, दोन रेघा ओढून, एकट्या आईला बाजूला घेऊन, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे हे सांगून तीनदा विचारलं.

मी घरी आले. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मिळाली का फाईल, तिनं विचारलं. मी मिळाली म्हटलं. ती शेंगा सोलत राहिली आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, काय काय लिहिलंय गं त्यात, म्हणाली.

मी तिला ते पान मराठीत वाचून दाखवलं. सावकाश, वर्गात वाचते तसं, शेवटच्या ओळीपर्यंत.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती रडेल असं मला वाटलं, निदान काहीतरी कबूल करेल. तिनं परातीतली टरफलं एका बाजूला सारली.

"तीनदा नाही," ती म्हणाली, "दोनदाच विचारलं."